थेंब कागदावर किती वेळ थांबतो?

नांदेड जिल्ह्यातल्या कुठल्याही कापसाच्या रानात जा. उमललेल्या बोंडातला चिमूटभर कापूस तोडा, सरकी काढून टाका आणि तो पाण्याच्या वाटीत ठेवा. तो तरंगेल. बोटानं दाबलात तरी पुन्हा वर येईल, आणि बाहेर काढून झटकलात तर जवळजवळ कोरडाच निघेल. आता औषधाच्या दुकानातून आणलेल्या कापसाचा तेवढाच पुंजका दुसऱ्या वाटीत टाका. तो बघता बघता पाणी पिऊन तळाला जातो. दहा सेकंदांच्या आत बुडला नाही तर औषधकोशाच्या चाचणीत तो नापासच होतो.

दोन्ही कापूस एकाच रानातले असू शकतात. ज्या शहरातल्या कापूस संशोधन केंद्रानं ‘नांदेड-४४’ हे संकरित वाण दिलं, तिथल्या शेतकऱ्याला कापसाची जात, धागा, उतारा हे सगळं पाठ असतं. पण वाण कुठलंही असो, कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा एक अतिशय पातळ लेप असतो. वजनात तो शेकड्याला एक भागसुद्धा भरत नाही. दवाखान्याचा कापूस तयार करताना कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून हा लेप काढतात, मग विरंजन करतात. मेण गेलं की खाली राहतं ते सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याचं विलक्षण वेड.

या प्रकरणाचा विषय कागद असला तरी सुरुवात कापसानं केली, याला कारण आहे. झाडं, गवत, बांबू, ताग, कापूस, सगळ्यांचा सांगाडा सेल्युलोजचाच. वनस्पतीनं त्याला मेण, राळ, लिग्निन यांच्या आधारानं पाण्यापासून सांभाळलेलं असतं. कागद करताना आपण लगदा शिजवतो, धुतो, पांढरा करतो आणि हे सगळं संरक्षण काढून टाकतो. मग त्याच कागदावर शाई पसरू नये, पुठ्ठा भिजू नये म्हणून पैसे मोजून दुसरं संरक्षण चढवतो. कागदाला पाणी झेपावं म्हणून माणसानं जेवढे उपाय केले, ते सगळे या एका खटाटोपात बसतात.

पाण्याचं हे वेड येतं कुठून? सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. प्रत्येक कडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन जोड्या बाहेर डोकावत असतात. रसायनशास्त्रात त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात. पाण्याच्या रेणूतही ऑक्सिजन आणि हायड्रोजनच. त्यामुळे दोघांत चटकन बंध जुळतात. गंमत अशी की कागदाला कागदपण येतं तेही याच बंधांमुळे. ओला लगदा चाळणीवर पसरला आणि वाळला की शेजारचे तंतू याच हायड्रॉक्सिल गटांच्या जोरावर एकमेकांना धरून बसतात. वेगळा डिंक लागत नाही. पाणी आत शिरलं की ते तंतूंमधल्या या पकडीत घुसतं आणि पकड सुटते. साधा कागद पूर्ण भिजला की त्याची ताकद कोरड्या कागदाच्या दहाव्या हिश्श्यावर येते, ती यामुळे.

त्यात भर म्हणजे कागद भरीव नसतो. तंतूंच्या जाळीत सूक्ष्म पोकळ्यांचं रान माजलेलं असतं, आणि अशा अरुंद वाटांतून पाणी आपोआप ओढलं जातं. एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९२१ मध्ये या ओढीचं गणित मांडलं: पाणी किती खोल गेलं हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरतं. म्हणजे चौपट वेळ दिला की दुप्पट खोली. पण पाण्याचा थेंब तंतूच्या पृष्ठभागावर बसताना जो कोन करतो तो ९० अंशांच्या वर गेला, तर हीच ओढ उलटी फिरते. अरुंद वाट पाण्याला आत घेण्याऐवजी बाहेर ढकलते. या कोनाला स्पर्शकोन म्हणतात. कागदाची भोकं न बुजवताही त्याला पाण्यापासून वाचवता येतं, ते या कोनामुळे.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करून टाकतो, कारण बाजारात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार सैल वापरला जातो. कागद पाण्याला कायमचा अडवत नाही. काही वेळ थोपवतो. म्हणून खरा प्रश्न एवढाच की किती वेळ. दौतीच्या शाईला एखादा सेकंद थोपवलं तरी पुरे. चहाच्या कपाला पंधरा-वीस मिनिटं. फुलांच्या खोक्याला एक रात्र. आणि सनदेला, पोथीला? तिला शंभर पावसाळे काढायचे असतात.

पोथीपासूनच सुरू करू. मराठवाड्यात कागदाचं जुनं ठिकाण म्हणजे दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारं कागजीपुरा. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारेही इकडे आले अशी परंपरा आहे. इथल्या कागदाचे प्रकार होते, त्यांना नावं होती: बहादूरखानी, मुरादशाही, साहेबखानी, रुबकारी. चिंध्या आणि ताग कुटून लगदा करायचा, हौदात कालवायचा, गवताच्या काड्यांच्या चाळणीवर ताव उचलायचा, भिंतीला थापून वाळवायचा. इथवरचा कागद म्हणजे टिपकागदच. बोरू टेकवला की शाई फुटायची. मग त्यावर खळ चढवायची, तांदळाची किंवा गव्हाची. वाळली की गुळगुळीत दगडानं ताव घोटायचा, चकाकी येईस्तोवर. खळ तंतूंमधल्या वाटा भरते आणि घोटाई त्या दाबून बंद करते. रसायन म्हणावं तर हे अगदी सौम्य. स्टार्चलाही पाणी आवडतंच, त्यामुळे खळीचा कागद पावसात टिकणार नाही. पण लिहिताना शाई जिथल्या तिथं थांबण्याइतकी सवड तो नक्की देतो. बाकीचं संरक्षण रुमालाचं, बासनाचं आणि कोरड्या फडताळाचं. दप्तरखान्यातले जुने घोटीव कागद आजही दुमडले तर मोडत नाहीत.

मोडतात ते त्यानंतरचे. १८०७ मध्ये मॉरिट्झ इलिग या जर्मन माणसानं कागदाच्या लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची युक्ती प्रसिद्ध केली. तोवर युरोपात एकेक ताव हाडा-कातड्याच्या सरसात बुडवून वाळवावा लागे. आता हौदातच काम होऊ लागलं, आणि यंत्रावर मैलोनमैल कागद धावू लागला. पाईनच्या झाडाची राळ सोड्यात विरघळवली की तिचा साबण होतो. त्यात तुरटीतलं ॲल्युमिनियम आलं की न विरघळणारे कण तंतूंवर बसतात आणि पाण्याला पाठ दाखवतात. रसायन म्हणून सुरेखच. पण कारखान्यांत वापरली जाणारी ॲल्युमिनियम सल्फेटची तुरटी कागद आम्ल ठेवते, आणि आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडतं. विल्यम बॅरो या अमेरिकन कागद-संवर्धकानं विसाव्या शतकाच्या मध्याला हा दोष नीट उलगडून दाखवला. आपल्या घरातली साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पुस्तकं तपकिरी होऊन कोपऱ्यातून तुटतात, त्यात लाकडाच्या हलक्या लगद्याचा वाटा आहेच. पण या तुरटीचाही मोठा वाटा आहे. काही तासांच्या पाण्याला थोपवण्याच्या नादात पुस्तकाची शंभर वर्षं गेली.

या तुरटीचा गुण घरी बघता येतो, आणि शाळेतल्या मुलांनी तो बघावाच. अंगाच्या किंवा कपड्याच्या खऱ्या साबणाचा कीस कोमट पाण्यात विरघळवा. डिटर्जंट चालणार नाही. पाणी आरओचं किंवा पावसाचं घ्या. जाड टिपकागदाच्या किंवा सुती कापडाच्या तुकड्याला हे पाणी लावून पूर्ण वाळू द्या. मग तुरटीच्या पाण्याचा हात द्या, पुन्हा वाळवा आणि गरम इस्त्री फिरवा. आता थेंब टाका. कोऱ्या तुकड्यावर तो तत्काळ जिरेल. या तुकड्यावर गोल होऊन बसेल. साबणातल्या मेदाम्लाची तुरटीतल्या ॲल्युमिनियमशी गाठ पडून पाण्यात न विरघळणारा साबण तयार झाला आणि तो तंतूंना चिकटला, एवढंच घडलं. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यानं बादलीच्या कडेला जो चिकट साका बसतो, तोही याच घराण्यातला, फक्त कॅल्शियमचा. तो पाण्यानं का सुटत नाही, याचं उत्तर इथं मिळतं.

आता कारखान्यात राळेच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘एकेडी’ हे रसायन आलं आहे. पूर्ण नाव अल्किल कीटीन डायमर. गेल्या शतकाच्या मध्याला ते वापरात आलं. चरबीतल्या मेदाम्लापासून ते बनतं. त्याचं एक टोक सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटाशी रासायनिक बंध जोडतं आणि दुसरं टोक, लांब मेदाळ शेपटी, बाहेर राहतं. भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांसारखं. एक टन कागदाला एक-दोन किलो एकेडी पुरतं. म्हणजे कच्च्या कापसावर निसर्गानं चढवलेल्या मेणाहूनही कमी. आणि यात आम्ल लागत नाही. त्यामुळे कागदात खडूची भुकटी भरता येते, कागद पांढरा शुभ्र निघतो आणि टिकतोही जास्त. आजची वही, झेरॉक्सचा कागद, चांगल्या खोक्याचा बाहेरचा क्राफ्ट कागद, सगळीकडे हा किंवा याचा भाऊबंद असतो.

पृष्ठभागावरच्या रसायनाचा खरा नाट्यमय प्रयोग मात्र अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावात झाला. तिथं जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विंटन पॅटनोड सिलिकॉनच्या संयुगांवर काम करत होता. मिथाइल क्लोरोसिलेन नावाच्या द्रवांची वाफ कागदाला किंवा सुती कापडाला काही क्षण दिली की ते पाण्याला जुमानत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. डिसेंबर १९४२ मध्ये त्याला या पद्धतीचं पेटंट मिळालं. दिसायला कागदात काही फरक नाही. रंग तोच, वजन जवळजवळ तेच, फुंकर मारली तर हवा आरपार जाते. पण थेंब टाकला की पाऱ्यासारखा धावतो. घडतं ते असं: कागदावर नेहमीच थोडा दमटपणा असतो. वाफेतले सिलिकॉनचे रेणू त्या पाण्याशी आणि सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी जुळतात, क्लोरीन सोडतात आणि मिथाइल गट बाहेर तोंड करून बसतात. काही नॅनोमीटरचा पडदा तयार होतो. यात एक खोट आहे. सुटलेल्या क्लोरीनचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि आम्लानं कागद कुजतो हे वर आलंच आहे. म्हणून लगेच अमोनियाची वाफ देऊन ते मारावं लागतं. खोक्याच्या धंद्यात हे झेपण्यासारखं नाही. काच, विद्युत उपकरणं आणि प्रयोगशाळेचा कागद इथं मात्र सिलेनांनी जागा पक्की केली.

प्रयोगशाळेच्या कागदावरून एक आडवळण घेतो. २००७ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं कागदाच्या तुकड्यावर फक्त काही पट्टे पाणी न शोषणारे केले आणि मधल्या वाटा तशाच तहानलेल्या ठेवल्या. लघवीचा थेंब त्या वाटांनी ओढला जातो आणि टोकाशी ग्लुकोज, प्रथिनं यांचा रंग उमटतो. पंप नाही, वीज नाही. पाण्याला कुठं अडवायचं आणि कुठं जाऊ द्यायचं, एवढ्या एका युक्तीवर कागदाची तपासणी-पट्टी तयार झाली.

आता अळूच्या पानाकडे या. पावसाचा थेंब त्यावर टिकत नाही, घरंगळतो, आणि जाता जाता धूळ घेऊन जातो. कमळाचंही तसंच. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहाउस यांनी १९९७ मध्ये याचं कारण नीट दाखवलं: पानावर मेण तर असतंच, पण ते सूक्ष्म उंचवट्यांवर बसलेलं असतं. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर उभा राहतो. खाली हवा अडकते. नुसत्या मेणानं स्पर्शकोन १०० ते ११० अंशांपर्यंत जातो. उंचवटे मिळाले की १५० च्या पुढे. कागद मुळातच खडबडीत असल्यानं संशोधकांना हा मार्ग फार भुरळ घालतो. खडूचे किंवा सिलिकाचे बारीक कण आणि वर मेदाम्लाचा लेप, अशा कृतींची शोधनिबंधांत रेलचेल आहे. माझं मत विचाराल तर व्यवहारात त्यांचा फार भरवसा धरू नये. हे उंचवटे बोटानं घासले तरी सपाट होतात, आणि खोकं म्हटलं की ते घासलं जाणारच.

तेलही थोपवायचं असेल तर गोष्ट बिघडते. मेण, एकेडी, सिलिकॉन यांच्यातलं कुणीच वड्याच्या तेलाला नीट अडवत नाही. ते जमतं फ्लोरिनच्या संयुगांना, ज्यांना पीएफएएस म्हणतात. अनेक वर्षं जगभर पिझ्झाचे खोके आणि बर्गरचे कागद यांनी माखले गेले. पण कार्बन-फ्लोरिनचा बंध निसर्गात मोडत नाही. ही रसायनं मातीत, पाण्यात आणि रक्तात साठतात. डेन्मार्कनं जुलै २०२० पासून अन्नाच्या कागदात ती बंद केली. अमेरिकेत तेलरोधक कागदासाठी त्यांची विक्री थांबल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं.

आणि चहाचा कागदी कप? तो आपल्या विषयात बसतच नाही. त्यात कागदाचा पृष्ठभाग बदललेला नसतो. आतून पॉलिइथिलीनचा पापुद्रा चिकटवलेला असतो. भिजलेला कप कडेनं सोला, हा पापुद्रा हातात येतो. कागद पाण्याला थोपवत नाही, प्लास्टिक थोपवतं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलीटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिक-थर्माकोलच्या बऱ्याच वस्तू बंद केल्या. जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप आणि ताटल्याही त्या यादीत आल्या. तोवर ‘कागदी’ या नावाखाली त्या सुखेनैव विकल्या जात होत्या. किनवट-माहूरकडच्या पळसाची पत्रावळ वरण वाढलं तरी गळत नाही, तीसुद्धा वरच्या मेणाच्या थरामुळेच. पण ती उकिरड्यावर टाकली की खत होते.

या सगळ्या रसायनाचा नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडला काय उपयोग? मुदखेड हे रेल्वेचं जंक्शन. एक फाटा निजामाबादमार्गे हैदराबादकडे जातो, दुसरा किनवट-आदिलाबादकडे. आणि तालुक्याची ओळख फुलांची: गुलाब, काकडा, मोगरा, गलांडा, झेंडू. फुलं तोडायची, पाणी शिंपडून भरायची आणि नांदेडच्या किंवा हैदराबादच्या बाजारात उजाडेपर्यंत पोचवायची. कुठे टोपली, कुठे पोतं, कुठे पुठ्ठ्याचा बॉक्स. फूल तोडल्यावरही श्वास घेत असतं, वाफ सोडत असतं. प्लास्टिकच्या पिशवीत ही वाफ कोंडते, पाकळ्यांवर पाणी सुटतं आणि सकाळी काळे डाग दिसतात. साध्या पुठ्ठ्यात कोंडत नाही, पण पुठ्ठा ओला होतो आणि खालच्या थरातले बॉक्स बसतात. थ्री प्लाय असो की फाइव्ह प्लाय, पुठ्ठ्यातली नळी चिकटवलेली असते स्टार्चनं. दमट हवेत पुठ्ठ्याची उभी ताकद निम्म्यावर येते.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. एकेडी किंवा मेणाचा हलका हात दिलेला पुठ्ठा पाण्याच्या थेंबाला अडवतो, वाफेला नाही. भर पावसाळ्यात हवेतल्या दमटपणानं तो थोडा मऊ होणारच. त्यासाठी पुठ्ठा जाड हवा, नुसता लेप वाढवून भागत नाही. फुलांच्या बाबतीत मात्र हा दोष नसून गुणच आहे. शिंपडलेलं पाणी थेंब होऊन आतल्या कागदावर राहतं, पुठ्ठ्यात जिरत नाही. आणि फुलाची वाफ बाहेर निघून जाते. प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवला तर दुसरं काम होणार नाही, शिवाय तो बॉक्स रद्दीवाल्याकडून पुन्हा लगद्यात जाणं अवघड. एक रात्र थोपवायचं आहे ना? मग एका रात्रीपुरतंच रसायन लावलेलं बरं.

ते किती लागतं हे मोजायची पद्धत साधी आहे. कॉब चाचणीत १०० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे आतून साधारण सव्वाअकरा सेंटिमीटर व्यासाची, धातूची कडी कागदावर घट्ट दाबतात. त्यात १०० मिलिलीटर पाणी ओततात. वेळ भरत आली की पाणी ओतून टाकतात आणि बरोबर ६० सेकंदांना वरची ओल टिपकागदानं टिपून घेतात. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला ग्रॅमचा फरक गुणिले शंभर, म्हणजे एक चौरस मीटर कागद एका मिनिटात किती ग्रॅम पाणी प्यायला ते कळतं. टिपकागदाचा आकडा शंभरच्या पुढे सहज जातो. चांगल्या खळीच्या क्राफ्टचा पंचवीस-तीसच्या आसपास असतो. पुठ्ठा बनवणाऱ्याकडे ही कडी असतेच.

तेव्हा फुलांसाठी बॉक्स घ्यायला जाल तेव्हा नुसता प्लाय आणि दर विचारून परतू नका. आतल्या आणि बाहेरच्या कागदाचा कॉब किती, हे वेगवेगळं विचारा, एका मिनिटाऐवजी अर्ध्या तासाची चाचणी समोर करून दाखवायला सांगा, आणि आत प्लास्टिकचा पापुद्रा लावलेला नाही ना, हे एक कोपरा भिजवून नखानं सोलून बघा.